संध्याकाळची पापणी

घरातली प्रत्येक महत्त्वाची बैठक तपासणीच्या खोलीत व्हायची, कारण चष्म्याच्या दुकानामागची ती खोली घरात सगळ्यांत लांबलचक होती. एका टोकाला उंच पाठीची खुर्ची, दुसऱ्या टोकाला दिव्याच्या पेटीत अक्षरांचा तक्ता आणि मध्ये गिऱ्हाइकाची नजर धावायला लागते तेवढी मोकळी जागा. आज त्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. ताईची छाती उघडायची की नाही हा बैठकीचा विषय होता आणि ज्यांची छाती उघडायची नव्हती ते सगळे तावातावाने बोलायला वेळेआधीच हजर होते.

वेळ मात्र कुणालाच पटलेली नव्हती. या घरात काहीही तपासायचं ते सकाळी, दुकानाचं शटर वर जायच्या आधी. थकलेले डोळे खोटी साक्ष देतात, असं वडील म्हणायचे. वडील गेले, त्यांचा नियम राहिला. संध्याकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला अजूनही "उद्या सकाळी या" असं सांगून परत पाठवतात आणि ते गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन चष्मा करून घेतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण नियम म्हणजे नियम. या वेळी ताईनेच वरच्या मजल्यावरून निरोप पाठवला होता की बैठक संध्याकाळीच होईल, नाहीतर तुमची तुम्ही घ्या. छाती तिची असल्यामुळे एवढं ऐकून घेणं भाग पडलं.

"बरं, मग सुरुवात करू या," मालक म्हणाला.

मालक म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर खुर्ची त्याला मिळाली आणि काम ताईला. त्या दिवसापासून ती त्याला मालक म्हणते आणि ती आदराने म्हणते असं त्याला अजूनही वाटतं.

"आधी मला सांगा, नक्की काढायचं काय आहे?" काकांनी विचारलं. वडिलांच्या या धाकट्या भावाने उभा जन्म औषधाच्या दुकानात बाटल्या पुसण्यात घालवला होता. त्यामुळे घरात कुणालाही शिंक आली की अंतिम मत त्यांचं असायचं.

ताई उंच पाठीच्या खुर्चीत मान टेकून बसली होती. दुपारभर ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. ते मौन रागाचं आहे असं समजून आईने तिला दोनदा चहा विचारला होता. खरं तर ताई बोलणं साठवत होती. कधीकाळी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की फ्रेम विकायला आलेले एजंट पडत्या भावात माल देऊन रिकामी बॅग घेऊन परत जायचे. आता तिच्याजवळ मोजकी वाक्यं असायची आणि ती संपली की संपली.

"छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते," ती म्हणाली. "थायमस. शरीराचे जे पहारेकरी असतात ना, त्यांना ती लहानपणी शिकवते, आपलं कोण आणि परकं कोण. मोठेपणी ती वाळते. माझी वाळली नाही. ती अजून शिकवतेय, आणि चुकीचं शिकवतेय. पहारेकरी माझ्याच स्नायूंच्या वाटा अडवतात. मेंदू हुकूम देतो, तो स्नायूपर्यंत पोचत नाही. सकाळी पोचतो, संध्याकाळी नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात."

"म्हणजे ग्रंथीचं काम कधीच संपलंय," काका म्हणाले.

"हो."

"काम संपलं म्हणून काढून टाकायचं?" काकांचा आवाज एकदम चढला. "अरे, कोपऱ्यात पडून राहिलं असतं बिचारं! निवृत्त झालेल्याची कुणाला अडचण होते?"

गेलं वर्षभर काका निवृत्त होऊन याच घरात, याच कोपऱ्यात बसून होते. 

"काका, ती कोपऱ्यात गप्प बसत नाही," ताई म्हणाली. "बसून चुकीचे सल्ले देते."

मालकाच्या बायकोला, सूनबाईला, हसू आलं. तिने ते नॅपकिनमध्ये दडवलं.

मालकाने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त स्वतःच्या तक्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. एकाचे दोन दिसतात अशी तक्रार ताईने पहिल्यांदा केली तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी तिला याच खुर्चीत बसवलं होतं. तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली. पुन्हा तक्रार, पुन्हा सकाळ, पुन्हा शेवटची ओळ. असं सहा वेळा झालं. तरीही मोठ्या मनाने त्याने तिला दोन चष्मे करून दिले आणि चष्म्याने फरक पडेना तेव्हा ताई कामचुकार झाली आहे असा निष्कर्ष काढला. अख्खं आयुष्य भिंगं घासण्यात गेलेल्या घराला डोळेझाक इतक्या सफाईने जमावी यात नवल नव्हतं.

"मी सहा वेळा तपासलंय," तो म्हणाला. "आई, तूही होतीस. तिची नजर माझ्याहून चांगली आहे. आणि हे लोक म्हणतात छाती उघडा. डोळ्यासाठी छाती! उद्या माझा गुडघा दुखला तर डोकं उघडतील."

"डोळ्यासाठी नाही रे," ताई म्हणाली.

"मग कशासाठी? तूच म्हणालीस पापणी पडते. कुठे पडते? सकाळी तर..."

"बाळा, तिला बोलू दे," आई म्हणाली आणि लगेच स्वतःच बोलायला लागली. "मी काय म्हणते, गोळ्या चालू आहेत ना? मग घे ना गोळ्या. आराम कर. दुकानात नको येऊस. छातीवर एवढी मोठी खूण घेऊन कशाला फिरायचं?"

"भोकं पाडूनही करतात आता," ताई म्हणाली. "नाही जमलं तर हाड कापतात."

"हाड!" आईने दोन्ही हात कानांवर ठेवले.

आईला खुणेची भीती वाटत होती हे खरं, पण तिच्या पोटात खुपत होतं ते वेगळंच. गेलं वर्षभर मुलगी तिच्याकडे बघून हसलेली नव्हती. पूर्वी ताई जिन्यावरून उतरताना हसत यायची. आता आईने काही गंमत सांगितली की ताईचे ओठ नुसते वर ओढले जायचे, दात दिसायचे, आणि ते हसू कुत्रं गुरगुरावं तसं वाटायचं. आईने मनाशी हिशेब मांडला होता की खुर्ची धाकट्याला दिली त्याचा राग पोरीने इतक्या वर्षांनी बाहेर काढला. तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ताईने उत्तर दिलं असतं, आणि आईला ते ऐकायचं नव्हतं.

"तू माझ्यावर रागावलीयस म्हणून हे सगळं चाललंय का?" आई अचानक म्हणाली.

"काय?"

"हसत नाहीस तू माझ्याशी."

ताईने तिच्याकडे पाहिलं. तिची डावी पापणी एव्हाना बुबुळाच्या वरच्या कडेवर आली होती, पण आई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आई, हसायलाही स्नायू लागतात," ताई म्हणाली. "मी हसते गं. ते तुझ्यापर्यंत पोचत नाही."

आईने खुर्ची हळूच ओढून ताईच्या शेजारी नेली. बैठकीत एक मत फिरलं होतं, पण मालकाने ते मोजलं नाही, कारण आईचं मत तो एरवीही मोजत नसे.

"भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही," तो म्हणाला. "काका, तुम्ही सांगा."

"माझं स्पष्ट मत आहे," काका म्हणाले, आणि ते अस्पष्टपणे बराच वेळ सांगत राहिले. त्यांच्या दुकानात एक मलम यायचं. ते मलम कशाचं होतं हे त्यांना आठवत नव्हतं, पण ते लावून एक गृहस्थ ऑपरेशनविना बरे झाले होते. गृहस्थांना काय झालं होतं हेही काकांना आठवत नव्हतं. मालक मान डोलावत होता. त्याला हवा होता तो बहुमताचा आकडा, मलमाचा पत्ता नव्हे.

सूनबाई मात्र ऐकत नव्हती. ती ताईच्या हाताकडे बघत होती. ताईने डावा हात हनुवटीखाली धरला होता, विचारात पडल्यासारखा. हा हात सूनबाईला चांगला ठाऊक होता. जेवताना अर्धं ताट झालं की तो वर यायचा आणि जबडा उचलून धरायचा. मग ताट तसंच सोडून ताई उठायची. सूनबाईला वाटायचं, आपल्या हातचं आवडत नाही, म्हणून ही ऐट. संध्याकाळी दुकानात गर्दी असताना ताई फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता हात खाली सोडायची आणि वर निघून जायची. मग काउंटर, गर्दी, गल्ला सगळं सूनबाईच्या गळ्यात. तेव्हा तिने एक विनोद केला होता, "सूर्य मावळला की आमच्या ताईंची तब्येत मावळते." तो इतका गाजला की पाहुणे आले की मालक तिला तो मुद्दाम करायला लावायचा. सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायची, त्या गुरगुरण्यासारख्या तोंडाने.

आणि आज डॉक्टरांच्या हवाल्याने ताईने तेच सांगितलं होतं. सकाळी पोचतो, संध्याकाळी नाही. वर्षभर सूनबाई रोगाचं निदान चारचौघांत ओरडून सांगत होती आणि टाळ्या घेत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ती नवऱ्यावर चिडायची.

"अहो," ती म्हणाली, "फोनचं सांगा ना."

मालकाची मान डोलायची थांबली.

"कसला फोन?" ताईने विचारलं.

"काही नाही. नंतर बोलू."

"परवा काउंटरवरून केलात तो," सूनबाई म्हणाली. "मी तिथेच होते. दवाखान्यात फोन केलात आणि सांगितलंत, येत्या सोमवारचं ऑपरेशन नको, घरच्यांचं अजून ठरलेलं नाही. भाऊ बोलतोय म्हणालात. त्यांनी तारीख रद्द केली."

काकांचं मलम हवेतच राहिलं. 

"मी रद्द नाही केली, पुढे ढकलली," मालक म्हणाला. "ठरल्यावर पुन्हा घ्यायची. त्यात एवढं काय?"

ताई ताठ बसली. हे तिने गृहीत धरलेलं नव्हतं. वाद घालतील, रडतील, मलम सांगतील, याची तिची तयारी होती. तारीख तिच्या हातात आहे या भरवशावर ती दुपारभर गप्प बसली होती. साठवलेली सगळी वाक्यं तिने एकदम बाहेर काढली.

"डॉक्टर म्हणाले, आत्ता करा. आत्ता श्वास ठीक आहे. एकदा का रोगाने श्वासाचे स्नायू धरले की मग ऑपरेशनच धोक्याचं. मी लगेच बरी होणार नाही, वर्ष जाईल, दोन जातील, कदाचित अर्धीच होईन. तरी मला हवंय. मला गिळताना त्रास होतो. पाणी नाकातून येतं. आणि तू कोण रे..."

तिथून पुढे आवाज बदलला. आधी तो नाकातून यायला लागला, मग शब्दांच्या कडा गेल्या, मग नुसते स्वर उरले. दारू प्यालेल्या माणसासारखं ती काहीतरी म्हणत होती. तिच्या डोळ्यांत राग लखलखीत होता आणि तोंडातून शब्दांची लापशी बाहेर पडत होती. तिने जबडा हाताने वर धरला, पुन्हा प्रयत्न केला, आणि थांबली.

ताईची वाक्यं ऐकून मालक लहानपणापासून पळ काढत आला होता. तिला वाक्य पुरं करता येत नाही हे त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

ताईने बोटाने सूनबाईला खूण केली. स्वयंपाकघराकडे, मग पापणीकडे. सूनबाईला लगेच कळलं नाही.

"बफ," ताई म्हणाली.

"बर्फ?" सूनबाई उठून धावली आणि फ्रीजमधले खडे भिंगं पुसायच्या फडक्यात बांधून घेऊन आली. ताईने ते डाव्या डोळ्यावर धरलं आणि उजव्या हाताने भावाला समोर बोलावलं. स्टुलावर. जिथे तो तपासायला बसायचा तिथे.

तो बसला. ताईने फडकं दोनेक मिनिटं तसंच दाबून धरलं. पाण्याचे थेंब तिच्या गालावरून हनुवटीवर येत होते आणि आई ते पदराने टिपत होती.

फडकं निघालं. पापणी वर होती. अख्खं बुबुळ उघडं, दोन्ही डोळे सारखे, वडिलांच्या फोटोत आहेत तसे. थंडीने वाट काही क्षण मोकळी होते, एवढंच दवाखान्यात तिला दाखवलं होतं. त्यासाठी तक्ता लागला नव्हता, सकाळही लागली नव्हती. मालकाने सवयीने खिशातली बारीक पट्टी काढली आणि तिच्या डोळ्यासमोर धरली. मिलिमीटर मोजणं त्याच्या हातात मुरलेलं होतं. तो मोजत असतानाच पापणी उतरायला लागली, हळूहळू, शटर खाली यावं तशी. एक रेघ गेली, दुसरी गेली. बुबुळ झाकलं गेलं. पट्टी त्याने तशीच धरून ठेवली होती.

"वर बघ," तो हळूच म्हणाला. "ताई, वर बघ ना."

ती बघत होती. तेवढंच वर होत होतं.

"बाबांना काही झालेलं नव्हतं," मालक म्हणाला. तो कुणाशी बोलत होता हे त्यालाही ठाऊक नसावं. "स्वतःच्या पायांनी गेले होते दवाखान्यात. छोटंसं ऑपरेशन म्हणाले होते. मी बॅग धरली होती. परत फक्त बॅग आली. मला नाही जमणार, ताई. पुन्हा बॅग घेऊन नाही येता येणार."

ताईने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि त्याच्या डोक्यात मारली. पट्टी प्लॅस्टिकची होती आणि हातात जोरही नव्हता, पण निरोप पोचला.

फोन त्यानेच लावला. या वेळी काउंटरवरून नव्हे, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. पलीकडच्या नर्सबाईंनी नाव विचारलं, कागद चाळले, आणि संध्याकाळपर्यंत अशा शेकडो भावांना उत्तरं दिलेल्या आवाजात सांगितलं की सोमवारची जागा दुसऱ्या पेशंटला दिली गेली आहे.

"मग पुढचा सोमवार?"

"तीन आठवड्यांनी. तेही आत्ता हो म्हणालात तर. ठरलंय ना घरच्यांचं?"

"ठरलंय," चौघं एकदम म्हणाले. काकाही म्हणाले. ते कोणत्या बाजूने म्हणाले याचा पुढे त्यांनी बऱ्याच वेगवेगळ्या प्रकारे खुलासा केला, पण म्हणाले एवढं खरं.

"तोपर्यंत सांभाळायचं," नर्सबाई म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. ताप, खोकला, लगेच कळवायचं. आणि रोज संध्याकाळी त्यांना एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. सावकाश, एक, दोन, तीन. सकाळी नाही हं, संध्याकाळी. वीसच्या खाली आलं तर फोन करत बसू नका, तडक घेऊन या."

फोन ठेवल्यावर मालक उठला आणि त्याने तक्त्याच्या पेटीचा दिवा बंद केला. तीन आठवडे. त्याच्या एका फोनने आलेले तीन आठवडे, आणि त्यातली प्रत्येक संध्याकाळ आता या लांब खोलीत मोजायची होती. त्याने ताईला गोळी दिली, पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला आणि ती थोडं थोडं करून गिळेपर्यंत तसाच धरून ठेवला. गोळीला थोडा वेळ दिला.

"आजपासूनच करू या," तो म्हणाला. "चालेल?"

ताईने मान हलवली. छाती भरून श्वास घेतला.

"एक. दोन. तीन."

आई ओठातल्या ओठात तिच्याबरोबर म्हणत होती. सूनबाईने हातातलं ओलं फडकं पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं. सात झाले, आठ झाले. या कुटुंबात कुणी कुणाचं इतकं बोलणं मध्ये न तोडता कधी ऐकलेलं नव्हतं.

"चौदा. पंधरा."

आवाज नाकात शिरला. काकांनी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं आणि आईच्या एका नजरेने ते मिटलं.

"अठरा. एकोणीस."

मालक तिच्या समोर स्टुलावर बसून होता, गुडघे तिच्या गुडघ्यांना लागलेले, आणि तिच्या ओठांकडे असा बघत होता जणू पुढचा आकडा त्यालाच काढायचा आहे. विसावा आला. आईने डोळे मिटले. एकवीस आला, पातळ, कडा नसलेला. बावीस. तेविसाला ताईचा चेहरा लाल झाला. चोवीस जेमतेम ऐकू आला.

मग तळाशी उरलेला श्वास ताईने गोळा केला. आकड्यावर तो वाया घालवायचा नाही असं तिने ठरवलेलं दिसलं. तिने एक डोळा उघडा, एक मिटलेला, अशा अवस्थेत भावाकडे पाहिलं.

"गाढवा," ती म्हणाली.

"पंचवीस," मालक म्हणाला आणि रडायला लागला.